गोळी सोडलीस, ती कोणाला विचारून?

उभा राहा. खुर्चीचं नंतर बघू. आधी सांग, गोळी सोडलीस ती कोणाला विचारून?

डॉक्टरांना विचारलं नाहीस. बायकोला सांगितलं नाहीस. विचारलंस ते मेडिकलवाल्याला, आणि तो म्हणाला, "बरं वाटते ना भाऊ, मंग कायले खाता?" एवढ्या एका वाक्यावर आठ-नऊ महिने नेमानं घेतलेलं औषध तू तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बंद केलंस. मेडिकलवाल्याला औषध विकायचा परवाना आहे, कोणाचं औषध कधी थांबवायचं हे ठरवायचा नाही. तुला हे कळत नव्हतं असं मी मानणार नाही. कपाशीवर कोणतं औषध किती मारायचं, हे चार जणांना विचारल्याशिवाय तू पंप भरत नाहीस. स्वतःच्या मेंदूच्या बाबतीत मात्र एकाच माणसाला विचारलंस, आणि तोही चुकीचा.

तिसऱ्या दिवशी काय झालं ते तूच सांगितलंस. पाठीवर पंप घेऊन वावरात उतरलास आणि मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होऊ लागलं. नुसते डोळे फिरवले तरी तेच. मळमळ, घाम, रात्रभर भलतीसलती स्वप्नं, पहाटे दचकून जाग. दूध सांडलं म्हणून लेकराच्या अंगावर धावून गेलास. मग घरात प्रत्येकानं आपापला निकाल दिला. वडिलांना हे बाहेरचं वाटलं आणि ते उताऱ्याच्या तयारीला लागले. मित्र म्हणाला, त्या गोळ्यांत नशाच होती, सुटल्या ते बरं झालं. आणि तू मनाशी ठरवलंस की आजार परत आला, आता आपण यातून उठत नाही. तिघांपैकी एकानंही बोटांवर दिवस मोजले नाहीत.

गणिताच्या तासाला मी काय सांगायचो? आधी दिलेलं लिहून काढ, मग उत्तराच्या मागे लाग. इथं काय दिलेलं आहे? गोळी बंद झाली आणि तिसऱ्या दिवशी त्रास सुरू झाला. डिप्रेशन उलटतं तेव्हा ते असं तारखेला धरून येत नाही. ते काही आठवड्यांनी, महिन्यांनी हळूहळू येतं. आधी कामात मन लागेनासं होतं, जेवण कमी होतं, माणसं नकोशी होतात. जुनं दुखणं जुन्याच वाटेनं येतं. डोक्यात करंट बसणं, मान वळवली की भोवळ येणं, हे गेल्या वर्षी तुझ्या आजारात होतं का? नव्हतं. मग ते एकाएकी आजाराचं कसं झालं? आणखी एक खूण आहे. औषध तोडल्याचा त्रास तेच औषध पुन्हा सुरू केल्यावर बहुधा काही दिवसांत ओसरतो. आजारच उलटला असेल तर त्याच गोळीला गुण दाखवायला काही आठवडे लागतात. कधी दोन्ही एकात एक मिसळलेलं असतं, आणि ते वेगळं काढायला डॉक्टरच लागतो. पण निदान प्रश्न तरी विचारायचा! हा फरक न कळल्यामुळे माणसं आयुष्यभर 'मी गोळीशिवाय जगूच शकत नाही' असं धरून बसतात, नाहीतर 'गोळीनंच मला बिघडवलं' म्हणून उपचाराचं दार कायमचं लावून घेतात. तू एका आठवड्यात दोन्ही टोकांना जाऊन आलास.

गोळी आत काय करते ते आता ऐक, कारण तुला ते कोणी सांगितलेलं दिसत नाही. मेंदूतल्या चेतापेशींच्या टोकांपाशी सेरोटोनिन नावाचं द्रव्य बाहेर पडतं आणि काम झालं की परत आत ओढलं जातं. आत ओढणारी जी प्रथिनं आहेत, त्यांना तुझी गोळी अडवून धरते. असं महिनोन्महिने चाललं की मेंदू त्या मांडणीशी जुळवून घेतो. तू गोळी एका रात्रीत काढलीस, पण मेंदूला नव्यानं जुळवून घ्यायला आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त. मधल्या काळातला हा सगळा गोंधळ आहे. यात नशा कुठे आली? तुला गोळीची तलफ लागली नाही, एकाच्या दोन कराव्यात असं वाटलं नाही. शरीर मात्र तिच्याशी जुळलेलं होतं, आणि शरीराला वेळ द्यावा लागतो.

आता ही पट्टी बघ. तू उकिरड्यावर फेकलेली, सूनबाईंनी उचलून ठेवली म्हणून माझ्यासमोर आली. मागची बारीक अक्षरं वाच. मोठ्यानं वाच. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम. एक गोळी, दोन औषधं. तू 'एक गोळी' सोडली असं म्हणतोस, सोडलीस दोन. पहिलं डिप्रेशनचं. दुसरं वेगळ्याच कुळातलं, घबराट आणि झोपेसाठी दिलं जाणारं, आणि त्याची मात्र सवय लागते. महिनोन्महिने रोज घेतलेलं क्लोनाझेपाम एकदम तोडलं तर झोप उडते, जीव घाबरा होतो, हातपाय थरथरतात आणि काही जणांना चक्क फिट येते. पाठीवर पंप असताना किंवा मोटारसायकलवर असताना फिट आली असती तर? अशा जोडगोळ्या आपल्या देशात सर्रास लिहिल्या जातात आणि सर्रास विकल्या जातात. घेणाऱ्याला आत दोन औषधं आहेत याचा पत्ता नसतो. ती उतरवायची तर दोन्ही औषधं डॉक्टरांकडून सुटी करून घ्यावी लागतात आणि प्रत्येकाची उतरण वेगळी बसवावी लागते. एकाच गोळीचे तुकडे करून दोघांचा हिशेब जमत नाही.

हिशेबावरून आठवलं. तू म्हणालास, "सर, पुढच्या वेळी अर्धी करीन, मग पाव करीन, मग सोडून देईन." म्हणजे आलेख तू विसरलास. सगळे आलेख सरळ रेषेत नसतात, हे फळ्यावर मी किती वेळा काढून दाखवलं होतं! लंडनच्या मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त हेच गणित मांडलं. सिटालोप्राम हे तुझ्या औषधाचं सख्खं भावंड. त्याची २० मिलिग्रॅम गोळी ती ओढणारी प्रथिनं सुमारे ८० टक्के अडवते. मात्रा ९ वर आणली तरी ७० टक्के अडलेलीच असतात. ५ वर आली की ६० टक्के. म्हणजे वीसचे पाच केले तरी परिणाम ऐंशीचा साठच झाला. आता पाचाचे शून्य कर. साठ टक्के एका फटक्यात गेले. दीड मिलिग्रॅमसारख्या चिमूटभर मात्रेतही तीस टक्के काम चालूच असतं, आणि आपण तिला 'आता काय उरलंय' म्हणून झटकून टाकतो. विहिरीत उतरताना वरच्या पायऱ्या रुंद असतात, खालच्या अरुंद आणि शेवाळलेल्या. तू नेमकी खालून उडी मारायला निघाला होतास. म्हणून मात्रा कमी करायची ती आधीच्या मात्रेच्या प्रमाणात, आणि खाली येऊ तसं अधिकच थोडं थोडं. प्रत्येक पायरीवर दोन-चार आठवडे थांबायचं, अंगाला पटलं की पुढची. त्रास वाढला तर मागच्या पायरीवर परत जायचं. यात कमीपणा नाही. कोणाचं हे काम महिन्या-दोन महिन्यांत होतं, कोणाला वर्ष लागतं. नेदरलँड्समध्ये यासाठी उतरत्या मात्रेच्या गोळ्यांच्या पट्ट्याच तयार मिळतात. आपल्याकडे डॉक्टरांना लहान मात्रेची गोळी किंवा पातळ औषध शोधून जमवावं लागतं. त्यांना ते जमवायला लाव. तो तुझा हक्क आहे.

आणि ते 'एक दिवसाआड घेईन' डोक्यातून काढून टाक. गावात सगळे हाच सल्ला देतात. एस्सिटालोप्रामची रक्तातली मात्रा साधारण तीस तासांत निम्मी होते. एक दिवस गाळला तर अठ्ठेचाळीस तासांनी जेमतेम एक तृतीयांश उरते, मग गोळी घेतलीस की पुन्हा वर. एक दिवस चढ, एक दिवस उतार, आणि मेंदूला दर खेपेला नवा धक्का. व्हेनलाफॅक्सिन तर याहून फार लवकर उतरतं, म्हणून ते आणि पॅरोक्सेटिन सोडताना त्रासही जास्त होतो. फ्लुओक्सेटिन शरीरात आठवड्यांवर टिकतं, म्हणून त्याचं गणित निराळं. तुझ्या मित्राच्या मेहुण्यानं एका दिवसात सोडली आणि त्याला काही झालं नाही, हा पुरावा माझ्यापुढे आणू नकोस. त्याची गोळी कोणती होती, विचारलंस?

प्रत्येकाला त्रास होतोच असंही नाही, आणि हे मी तितक्याच स्पष्टपणे सांगणार. जर्मनीतल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये एकोणऐंशी अभ्यास एकत्र करून पाहिले. औषध थांबवणाऱ्या शंभरातल्या साधारण एकतीस जणांना काही ना काही त्रास झाला. पण नुसत्या खोट्या गोळ्या थांबवलेल्यांतही सतरा जणांना झाला. भीतीचाही वाटा असतो, त्याला नाटक म्हणायचं नाही. तो वाटा वजा केला तर सहा-सात जणांमागे एकाला औषध तोडल्याचा खरा त्रास होतो, आणि शंभरातल्या तिघांना तो फार तीव्र होतो. तुला आधी कोणी सांगू शकत नाही की तू कोणत्या गटात आहेस. म्हणूनच सगळ्यांनी पायरीपायरीनं उतरायचं.

तुझ्या डॉक्टरांवरही माझा राग आहे. त्यांनी चिठ्ठीवर रोज रात्री एक लिहिलं, किती दिवस ते लिहिलं नाही, आणि थांबवायची कशी हे तर नाहीच नाही. दोष एकट्या त्यांचा नाही. या औषधांच्या घराण्यातलं इमिप्रामिन १९५० च्या दशकात आलं, आणि ते तोडल्यावर होणारा त्रास १९५९ मध्येच लिहून ठेवलेला आहे. तरीही ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेत २०१९ पर्यंत हेच छापलेलं होतं की त्रास सहसा सौम्य असतो आणि आठवडाभरात आपोआप जातो. रोग्यांनी वर्षानुवर्षं ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे ते वाक्य बदललं. साठ वर्षं लागली! रोग्याचं ऐकायला इतका वेळ लावणाऱ्यांना मी शाबासकी देणार नाही. पण म्हणून रोग्यानं डॉक्टरला टाळून उकिरडा गाठायचा, हेही मी ऐकून घेणार नाही.

आता खरं कारण बोल. 'बरं वाटलं म्हणून सोडली' हे अर्धं झालं. उरलेलं अर्धं तू जाताना उंबरठ्यात उभं राहून पुटपुटलास: नवरा-बायकोच्या संबंधात अडचण येऊ लागली होती. मग मान खाली कशाला? या गोळ्यांनी इच्छा कमी होते, वेळ लागतो, काहींना जमतच नाही. हा त्यांचा माहीत असलेला, पुष्कळांना होणारा परिणाम आहे. त्यावर डॉक्टरांकडे इलाज असतात: मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. पण ज्याला सांगायचं त्याला सांगितलं नाहीस, आणि बायकोला वाटत राहिलं की तुझं मन तिच्यावरून उडालं. तिच्या मनाला किती लागलं असेल, याचा विचार केलास? सुरुवातीची मळमळ एक-दोन आठवड्यांत जाते. झोप येत असेल तर गोळीची वेळ बदलता येते. गुडघ्यासाठी मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणतोस, त्या यांच्यासोबत घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. दारू तर नकोच. हे सगळं डॉक्टरांपुढे बोलायचं असतं, आणि तू पाच मिनिटं त्यांच्यासमोर बसून "बरं आहे" एवढंच म्हणून परत येतोस.

भाऊ, तुम्हीही ऐका. तुम्ही वडील आहात, वयानं मोठे आहात, पण आज बोलतो. मुलीचं लग्न जमायचं आहे म्हणून पोराच्या गोळ्या तुम्ही ज्वारीच्या कोठीत लपवायला लावल्या. 'पागलाच्या गोळ्या' हा शब्द या घरात पहिल्यांदा तुमच्या तोंडून आला. ज्या औषधाची लाज वाटते ते माणूस चोरून घेतो, आणि सोडतो तेही चोरून. मग त्रास होतो तोही चोरून सोसतो. गेले दहा दिवस तुमचा मुलगा पडवीत रात्रभर जागा होता आणि सकाळी तुम्हाला ते माहीत नव्हतं.

आपण महागाव तालुक्यात राहतो, हे तुम्ही विसरलात का? चिलगव्हाण आपल्याच तालुक्यातलं. १९ मार्च १९८६ ला शेतकरी साहेबराव करपे आणि त्यांची बायको-मुलं आत्महत्येत गेली. दर १९ मार्चला महाराष्ट्रात ठिकठिकाणी माणसं त्यांच्यासाठी अन्नत्याग करतात, २०१७ पासून. गोळीनं कर्ज फिटत नाही. कापसाला भाव मिळत नाही. जो तसं सांगेल तो शेतकऱ्याची फसवणूक करतो, आणि सरकारनं भावाचा प्रश्न गोळीवर ढकलला तर मी त्याच्याविरुद्ध बोलेन. पण त्या ओझ्याखाली माणसाचं मन आजारी पडतं, तो आजार बरा होतो, आणि बरा होत आलेला माणूस केवळ कोणी नीट सांगितलं नाही म्हणून पुन्हा अंधारात जातो, हे मला सहन होत नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाचं काम तीस गावांत झालं. आधी डिप्रेशन असलेल्या शंभरातले चारच जण कोणाकडे मदत मागायला जात होते, दीड वर्षानं सत्तावीस जाऊ लागले. गावातल्याच माणसांनी घरोघरी जाऊन, बोलून बोलून हे घडवलं. आपल्याकडेही २०१५ पासून प्रेरणा प्रकल्पात आशाताई दारात येऊन विचारतात. तुमच्या दारात आली होती ना? तिला तुम्ही "आमच्या घरी सगळं ठीक आहे" म्हणून परत पाठवलंत.

सरकारलाही सोडत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या अठराव्या कलमात लिहिलं आहे की आवश्यक यादीतली मनोविकाराची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळाली पाहिजेत, आणि सदासर्वकाळ मिळाली पाहिजेत. मग खिडकीवर "पुढच्या आठवड्यात या" असं उत्तर कसं मिळतं? गोळ्यांचा साठा संपणं म्हणजे त्या दवाखान्यातल्या प्रत्येक रोग्याला एका रात्रीत गोळी तोडायला लावणं. आर्णीवरून यवतमाळला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, हंगामात दोन दिवसांची. हे कळतं मला. म्हणून पट्टीत आठ दिवसांच्या गोळ्या उरल्या की निघायचं. पट्टी रिकामी होईपर्यंत थांबायचं नाही.

गोळी जन्मभर घ्यावी लागेल असं मी म्हणालेलो नाही. ब्रिटनमध्ये २०२१ मध्ये ४७८ माणसांवर एक अभ्यास झाला. ती सगळी दीर्घकाळ औषध घेत होती आणि त्यांना आता थांबवावंसं वाटत होतं. ज्यांचं औषध हळूहळू थांबवलं, त्यांच्यातल्या शंभरातल्या छप्पन्न जणांचा आजार वर्षभरात उलटला. ज्यांनी चालू ठेवलं त्यांच्यातही एकोणचाळीस जणांचा उलटला. दोन्ही आकडे वाच, सोयीचा एकच उचलू नकोस. थांबवल्यावर चव्वेचाळीस जण नीट राहिले, हेही त्यातच आहे. पहिलाच आजार असेल तर बरं वाटल्यानंतर निदान सहा महिने तरी औषध चालू ठेवतात. पुन्हा पुन्हा आला असेल तर त्याहून बराच जास्त काळ. तू केव्हा थांबवायचं हे तू आणि डॉक्टर मिळून ठरवा. पेरणी, वेचणी, बहिणीचं लग्न, कर्जाचा हप्ता असल्या धबडग्याच्या महिन्यात मात्र सुरुवात करू नका.

आता काय करायचं ते सांगतो. जुनी मात्रा स्वतःच्या मनानं चालू करायची नाही. दिवस बरेच गेले आहेत, आणि गोळीत दोन औषधं आहेत. उद्या पहिल्या गाडीनं यवतमाळ, वसंतराव नाईक मेडिकल कॉलेजचा मनोविकार विभाग. सूनबाई सोबत जातील, भाऊ नाही. पट्टी, चिठ्ठी आणि वहीचा एक कागद घे. कागदावर कोणत्या दिवशी गोळी बंद केली, कोणत्या दिवशी काय झालं, हे आज रात्रीच लिहून काढ. संबंधातल्या अडचणीचंही लिही. तोंडानं बोलवत नसेल तर कागद पुढे कर. तोवर मोटारसायकल चालवायची नाही आणि फवारणीला जायचं नाही. फवारणीचं औषध घरातून काढून कुलपात ठेवा, किल्ली माझ्याकडे द्या. रात्री जीव नकोसा वाटला तर १४४१६ ला फोन लाव. टेलिमानस आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. फोन लावायला हात धजला नाही तर माझं दार वाजव, कितीही वाजले असोत.

डॉक्टर रागावतील. रागावू देत. त्यांना सांग, दोन औषधं वेगळी करून द्या, कमी केव्हा करायची ते ठरवा आणि कशी करायची त्याचा तक्ता लिहून द्या: कोणत्या तारखेला किती, त्रास झाला तर किती मागे. "नंतर बघू" म्हणाले तर उठू नकोस. तक्ता कागदावर उतरेपर्यंत तिथेच बसून राहा.